आत्या रेडिओवर गायली त्याची गोष्ट

परवा रात्री आत्याचा फोन आला. हॅलो नाही, कसा आहेस नाही, डायरेक्ट "आरं मी आले का तुला ऐकू?" मी म्हटलं कुठं? तर म्हणे, "रेडिवला की! समद्या गावानं ऐकलं, तू न्हाय ऐकलंस व्हय?"

आता मी बसलोय पुण्यात आणि आत्या गायली सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीवर, ९०.४ एफएम. हा कम्युनिटी रेडिओ, म्हणजे गावातल्या संस्थेनं गावच्या लोकांसाठी चालवलेला; त्याच्या लहरींची ताकद साधारण १०० वॉटची, म्हणजे घरातल्या सीलिंग फॅनपेक्षा जरा जास्त ताकद, पाच-दहा किलोमीटर जातो, आमचा माळ उघडाबोडका म्हणून जरा पुढं जात असेल तेवढंच. पण हे तिला कोण सांगणार, तिच्या हिशेबानं रेडिओ म्हणजे रेडिओ, दिल्लीपर्यंत जातो. शेवटी चुलतभावानं मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं व्हॉट्सअपला टाकलं, मागं कुकरच्या शिट्ट्या, शेरडं ओरडतायत, मधेच कुणीतरी "आवाज वाढव की लका" म्हणतंय, आणि या सगळ्यातनं आत्याचा आवाज. जात्यावरची ओवी. भाऊ गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्याला परमुलखात गेलाय आणि पंचमीला यायचा पत्ता नाही, असं काहीतरी. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये तीनदा ऐकलं.

तर ओवी मला लहानपणापासून माहिती आहे, त्यात नवीन काही नव्हतं. नवीन होतं ते तिचं बोलणं. निवेदिकेनं विचारलं कुठून शिकलात, तर आत्या बिनधास्त "म्या कशाला शिकतीया, माझी आय दळाय बसली की माझं डोकं तिच्या मांडीवर, तितंच कानात गेलं" वगैरे सुरू. हीच आत्या पुण्याला आली की लिफ्टमध्ये तोंड उघडत नाही. माझी मुलगी तिच्या "हितं-तितं"ला हसते म्हणून गप्प. मुलीला काय बोलू, मी स्वतः हॉस्टेलला आल्यावर दोन महिन्यात "न्हाय"चं "नाही" केलं होतं आणि गावाकडचा कुणी भेटायला आला की मित्रांसमोर त्याला पटकन बाहेर चहाला न्यायचो. लाज वाटते सांगायला पण खरंय.

म्हणून कम्युनिटी रेडिओचं कौतुक करताना लोक जेव्हा "जनजागृतीचं प्रभावी माध्यम" असलं काहीतरी बोलतात ना, तेव्हा माझं डोकं फिरतं. लसीकरण, बचत, सरकारी योजना, सगळं व्हायला पाहिजे, नको कोण म्हणतंय. पण ते सगळं वरून खाली येणारं बोलणं झालं. आमच्या लोकांना आयुष्यभर सगळ्यांनी शिकवलंच आहे, ग्रामसेवकानं शिकवलं, मास्तरनं शिकवलं, टीव्हीनं शिकवलं. तुम्ही सांगा, आम्ही ऐकतो, असं म्हणणारं मशीन पहिल्यांदाच आलंय. मेंढरं राखणारा माणूस टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली की खोलगट जागेत यावरून पावसाचा अंदाज कसा धरतात ते सांगू दे की दहा मिनिटं. खरा निघेल न निघेल, हवामान खात्याचा तरी कुठं दरवेळी निघतो. लांडगा कुठल्या ओढ्यानं येतो, हिवराच्या शेंगा शेरडाला कधी घालायच्या, धनगरांच्या गजी नाचात ढोलाचा ठेका कुठं बदलतो, हे माहिती असणारी माणसं आहेत अजून, सगळी सत्तरीच्या पुढची.

ही वाहिनी २००८ पासूनची, चेतना सिन्हांच्या माणदेशी फाउंडेशनची. हेच ते लोक ज्यांनी १९९७ ला बायकांची सहकारी बँक काढली. आधी रिझर्व्ह बँकेनं लायसन्स नाकारलं कारण बऱ्याच जणी अंगठेवाल्या, मग बायका लिहाय-वाचायला शिकल्या आणि परत जाऊन साहेबांना म्हणाल्या, व्याजाचा हिशेब घाला, आम्ही तोंडी करतो, तुम्ही मशीनवर करा. अशा बायकांच्या हातात माइक दिल्यावर अजून काय होणार! २००८ लाच तिकडं तेलंगणात पस्तापूरजवळ माचनूरला दलित शेतकरी बायकांचा संघम रेडिओ सुरू झाला. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी हा असाच रेडिओ आहे. सगळे दुष्काळी पट्टे बघा. पाऊस नसलेल्या मुलखात बोलायला भरपूर असतं बहुतेक.

आता जरा रागाचं. सुप्रीम कोर्टानं १९९५ ला सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. झालं काय, तर आधी प्रायव्हेट एफएमवाल्यांसाठी लिलाव, मग २००२ ला शिक्षणसंस्थांना परवानगी आणि गावाकडच्या संस्थांना थेट २००६ च्या शेवटी. मालकाचा नंबर सगळ्यात शेवटी, लग्नात नवरीच्या बापाचं जेवण असतं तसं. आणि परवानगी दिली तीही बातम्या सोडून. बातम्या लावायच्या तर आकाशवाणीच्या, जशाच्या तशा. हवामान, जत्रा, परीक्षा, प्रशासनानं दिलेली पाणी-विजेची माहिती, हे चालतं कारण ते बातमीत धरत नाहीत. म्हणजे बघा गंमत, उद्या वाडीवर टँकर येणार हे रेडिओवर सांगता येतं. पण टँकर आलाच नाही आणि का नाही आला असं कुणी विचारलं की ती झाली बातमी! माण तालुक्यात टँकर हा विषय सोडून माणसांनी उन्हाळ्यात बोलायचं काय? अरे त्या पाच-दहा किलोमीटरच्या रेडिओनं काय देश हादरणार आहे का, जास्तीत जास्त एखादा ठेकेदार हादरेल.

पैशाचंही तसंच. तासाला ७ मिनिटं जाहिरात चालायची, २०२४ ला १२ केली, सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदाला ७४ रुपये झाला. बरंय, पण आमच्याकडं १२ मिनिटं भरायला जाहिरात देणार कोण, खताचं दुकान आणि मंगल कार्यालय? संस्था पाठीशी असते तोपर्यंत टॉवर उभा. त्यामुळं जे जिल्ह्याबाहेर कमावतात (मी पण आलो त्यात) त्यांनी गावच्या देवळाच्या कळसाला पावती फाडताना एक पावती रेडिओचीही फाडावी असं मला वाटतं. म्हसवडच्या जत्रेत सिद्धनाथाचा रथ तर ओढला जाणारच आहे, त्याला माझ्या पैशाची गरज नाही.

कुणी म्हणेल यूट्यूब आहे की, कशाला रेडिओ. आहे ना. आणि ओव्या जपायचं म्हणाल तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाच्या वर जमवल्यात, प्रचंड काम आहे, 'परी'च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर जाऊन ऐका, डोळ्यात पाणी येतं. पण तिथं गाणारी बाई एकीकडं आणि ऐकणारा माझ्यासारखा हेडफोन लावून दुसरीकडं. रेडिओवर आत्या गायली तर संध्याकाळच्या आत शेजारच्या गावातल्या एका बाईचा फोन, की बया चाल चुकलीस, आमच्यात दुसरी ओळ वर जाती! दोघी एकमेकींना ओळखत पण नाहीत, नंबर कुणाकडनं मिळवला देव जाणे. अर्धा तास भांडल्या म्हणे फोनवर, आणि शेवटी दोघींची माहेरं एकाच नदीच्या दोन काठांवरची निघाली.

आत्या अजून फुरफुरतीय. "ती कोण टिकोजीराव मला शिकविणार." आता परत जायचंय तिला रेकॉर्डिंगला, भांडी घासताना प्रॅक्टिस चालू आहे आणि मागं जात्याचा खरा आवाज पायजे म्हणून माळ्यावर टाकलेलं जातं चुलतभावाला खाली काढायला लावलं. त्याची कंबर धरलीय, काल मला आयोडेक्स कुठलं चांगलं विचारत होता.