पॅरिस हिल्टन : लेखात राहून गेलेली बाजू

अमेरिकी दूरचित्रवाणी तारका व उद्योजिका पॅरिस हिल्टन यांच्यावरील एक लेख वाचला. त्या लेखात त्यांची सारी कारकीर्द 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणून निकालात काढली आहे, ते पटले नाही. पणजोबा कॉनरॅड हिल्टन यांचा हॉटेलव्यवसाय पाठीशी होता हे खरेच. परंतु २००३ साली मैत्रीण निकोल रिची यांच्यासह केलेल्या 'द सिंपल लाइफ' या दूरचित्रवाणीवरील रिअॅलिटी कार्यक्रमातून मिळालेली प्रसिद्धी त्यांनी ज्या चिकाटीने परफ्यूमपासून डीजेपर्यंतच्या उद्योगांकडे वळवली, ती चिकाटी वारशात मिळत नाही.

मला मात्र त्यांचे नंतरचे काम अधिक महत्त्वाचे वाटते. किशोरवयात अमेरिकेच्या यूटा राज्यातील, हाताबाहेर गेलेल्या मुलांना वळण लावण्यासाठी ठेवतात अशा एका निवासी संस्थेत आपला छळ झाल्याचे त्यांनी २०२० मधील माहितीपटात सांगितले, पुढे तेथील विधिमंडळाच्या समितीसमोर साक्ष दिली, आणि २०२१ मध्ये त्या राज्यात अशा संस्थांवरील देखरेख कडक करणारा कायदा झाला. डिसेंबर २०२४ मध्ये या विषयावरील राष्ट्रीय कायद्यावर राष्ट्राध्यक्ष बायडन यांची स्वाक्षरी झाली. (यातले एकही वाक्य लेखात नाही, कपड्यांवर मात्र दोन परिच्छेद आहेत.) मूल ऐकेनासे झाले की 'बोर्डिंगात टाकू' ही धमकी आपल्या पुण्यातही सर्रास ऐकू येते, त्यामुळे येथील पालकांनी हा भाग निश्चितच लक्षपूर्वक वाचला असता.

— एक वाचक, कोथरूड, पुणे