मॅडम, ३८ बी घ्या ना

ब्रा विकणाऱ्या बायकांना एक सिद्धी प्राप्त असते. तुम्ही काउंटरपाशी पोचून तोंड उघडायच्या आत त्या तुमच्याकडे एकदा, फक्त एकदाच, हनुवटीपासून पोटापर्यंत बघतात आणि वळून बॉक्स काढायला लागतात. टेप असतो गळ्यात, पण तो शोभेला. आणि बॉक्समधून काय निघतं, तर ३८ बी.

मी हळू आवाजात (का हळू, देव जाणे, तिथे आलेल्या सगळ्याजणी त्याच कामाला आलेल्या असतात तरी आवाज आपोआप खाली जातो) विचारते, ३४ ई आहे का हो? "ई असं काही येत नाही मॅडम, डीपर्यंतच येतं. आणि तुम्हाला ३४ कसं होईल?" यातलं 'तुम्हाला' म्हणताना नजर परत हनुवटीखाली. "तुम्ही ३८ बी घ्या ना, सगळ्यांना बसते."

आता जरा गणित सांगते, घाबरू नका, पाचवीच्या वरचं नाहीये. छातीखालचा घेर, म्हंजे जिथे ब्राचा पट्टा बसतो तिथला, माझा ३४ इंच. सगळ्यात भरलेल्या जागेवरून घेर ४० इंच. फरक ६. या फरकावरून कपाचं अक्षर ठरतं, एका इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी, पाचला डबल डी, सहाला ई, ही ब्रिटिश पद्धत. झालं, ३४ ई. पण दुकानी गणितात छातीखालच्या मापात आधी ४ मिळवतात. ३४ अधिक ४ बरोबर ३८, मग ४० वजा ३८ बरोबर २, आणि दोन म्हंजे बी. म्हणजे बघा, टेप लावला तरी ३८ बी आणि नुसतं बघितलं तरी ३८ बी, त्या बाईंच्या नजरेला नावं ठेवायला जागाच नाही, फॉर्म्युलाच गंडलेला आहे. ही चारची बेरीज कापड फारसं ताणत नव्हतं त्या काळातली असं म्हणतात. आता पट्ट्यात इलॅस्टिक असतं, ते ताणतं, आणि तरीही आम्ही आपले चार मिळवतोय!

बरं, ३४ ई नसेल तर जवळचं काही चालू शकतं, नाही असं नाही. कपाचं नुसतं अक्षर काहीच सांगत नाही, ते नंबरासोबतच वाचायचं असतं. ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी या तिन्हींचा कप मापाने सारखाच, पट्टा दोन इंच वाढला की अक्षर एक पायरी खाली. याला सिस्टर साइज म्हणतात. त्या हिशोबाने माझ्या ३४ ईची बहीण ३६ डबल डी आणि तिची बहीण ३८ डी. ३८ बी या घराण्यात कुठेच नाही. तिच्यात पाठीला ४ इंच जास्त आणि पुढे दोन कप कमी, जिथे कापड नकोय तिथे सढळ हात आणि जिथे हवंय तिथे काटकसर. माझं ब्रा बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या अख्ख्या जमातीशी भांडण आहे ते एवढंच, की यांची पक्की समजूत आहे की बाई पुढून वाढली की मागूनही तेवढीच वाढते. अहो पण पाठीने काय केलंय? ती बिचारी आपली ३४ इंचांची, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

३८ बी घालून दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी घालताना पट्टा जागेवर असतो. घराबाहेर पडेपर्यंत तो मागून वर सरकायला लागतो, दुपारपर्यंत पार खांद्याच्या हाडांपाशी पोचलेला असतो, कारण सैल पट्टा पुढचं वजन पेलूच शकत नाही, मग पुढचं खाली येतं आणि मागचं वर जातं. खरं तर आधार द्यायचं मुख्य काम त्या पट्ट्याचं, खांद्यावरच्या पट्ट्या नुसत्या कप जागेवर धरायला असतात. पण पट्ट्याने राजीनामा दिल्यावर सगळा भार खांद्यांवर, आणि संध्याकाळी तिथे दोन लाल चऱ्या. पुढे कप अर्ध्यातच संपतो त्यामुळे काठावरून वर उतू जाऊन दोनाचे चार होतात, टी-शर्टातून चार स्पष्ट मोजता येतात. दोन कपांच्या मधला तुकडा छातीच्या हाडाला चिकटून बसायला हवा, माझा हवेत तरंगतो. त्या फटीत पेन राहतं. बघितलंय ठेवून. टोपणासकट राहतं.

आणि मग दिवसभर ती क्रिया. लिफ्टचं दार बंद झालं की, जिन्याच्या वळणावर, व्हिडिओ कॉलवर कॅमेरा बंद करून, एक हात मागे नेऊन पट्टा खाली ओढायचा आणि हे करताना चेहरा असा ठेवायचा की आपण काहीतरी आठवतोय. लिफ्टमध्ये कॅमेरा असतो हे लक्षात आल्यापासून मी तिथे फक्त आठवते.

यावर सल्ले काय मिळतात? पहिला, खांद्याच्या पट्ट्या घट्ट कर. त्या घट्ट केल्या की मागचा पट्टा अजून वर. दुसरा, पोक काढून चालू नकोस, ताठ चाल. अगं ताठच चालेन की, आधी खांद्यावरचं ओझं उतरव. तिसरा अर्थातच वजन कमी कर, हा सल्ला मला सर्दी झाल्यावरही मिळतो. वजन कमी केलं की पहिल्यांदा पुढचंच जाईल याची काही गॅरंटी नाही, पट्टा ३४ वरून ३२ झाला आणि पुढचं जैसे थे राहिलं तर काय, ३२ एफ मागायला जाऊ? ३४ ई ऐकून त्या बाईंचा चेहरा जो झाला होता तो बघता एफ ऐकून बाई दुकान बंद करून जातील.

घालून बघायची सोय असेल तर निम्मं काम होतं, पण बऱ्याच ठिकाणी "ट्रायल नाही मॅडम, अंडरगारमेंट आहे" आणि त्याच दमात "बदलून पण मिळणार नाही". कपड्यांवरून लावून बघा म्हणतात. स्वेटरवर ब्रा घालून आरशात बघितलंय का कधी? आणि त्यावरून साइज ठरवायची!

पण ट्रायल रूम मिळालीच तर घाई करायची नाही. ब्रा सगळ्यात बाहेरच्या, सैल हुकावर लावायची, तिथेच ती घट्ट बसली पाहिजे, कारण इलॅस्टिक वापराने सैल पडतंच, आणि आतले हूक त्या दिवसांसाठी राखून ठेवायचे. विकणाऱ्या बायका नेमक्या सगळ्यात आतल्या हुकावर लावून "बघा कशी परफेक्ट बसली" म्हणतात, म्हंजे पुढचं सगळं आयुष्य नवी असतानाच संपवून टाकलं. मग पुढे वाकायचं, काखेकडे पळालेलं सगळं हाताने गोळा करून कपात आणायचं, उभं राहायचं आणि मग खरं बघायचं. नीट बसली असं वाटणारी ब्रा या गोळाबेरजेनंतर एकदम दोन अक्षरं लहान निघते. दोन्ही बाजू बहुतेकींच्या सारख्या नसतात, मोठ्या बाजूला बसेल ती घ्यायची, धाकटीला थोडी मोकळीक मिळाली तर मिळू दे. आणि महिन्याच्या ठरावीक दिवसांत माप वाढतं, त्या दिवसांत खरेदीला जायचं नाही, नाहीतर उरलेल्या दिवसांत कप रिकामा. यानंतर दोन्ही हात वर करून बघायचं, कपाखालची तार वर सरकली तर नापास. आणि थोड्या उड्या. ट्रायल रूमचं दार जमिनीपासून वीतभर वर असतं आणि पडदा असेल तर तो कधीच पूर्ण लागत नाही, आत धपधप आवाज आणि बाहेरून "मॅडम, ठीक आहे ना सगळं?"

हे सगळं सुरू कुठून झालं म्हणून शोधायला गेले तर १९१४ साल. अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब नावाच्या बाईंनी पेटंट घेतलं, त्यांच्या पार्टीच्या झग्यातून कॉर्सेटच्या, म्हंजे तेव्हा बायका आतून अंग आवळायला घालायच्या त्या कपड्याच्या, कांड्या डोकावत होत्या म्हणून त्यांनी दोन रुमाल आणि रिबीन घेऊन पहिला नमुना शिवला. दोन रुमाल! आणि पेटंटात असंही लिहिलंय की हे घालून टेनिससारखा दमवणारा व्यायामसुद्धा करता येईल. दोन रुमालांत टेनिस. कपाला अक्षरं आली ती १९३० च्या दशकात, ए बी सी डी, आणि डीच्या पुढे जग संपतं असं तेव्हा ठरलं ते आमच्या दुकानवाल्या बाईंनी अजून मनापासून पाळलंय. बाकीच्यांनी पुढे गाडी नेली पण प्रत्येकाने आपापल्या रस्त्याने. ब्रिटिशांकडे डीनंतर डबल डी, मग ई, एफ, डबल एफ. अमेरिकेत डबल डीनंतर ट्रिपल डी, कारण नवीन अक्षर घ्यायला पैसे पडतात बहुतेक. युरोपात पट्टा सेंटिमीटरमध्ये आणि डबल अक्षरं नाहीतच. म्हंजे मी तीच, ब्रा तीच, पण तिच्या लेबलावर ब्रिटनचं ३४ ई, अमेरिकेचं ३४ ट्रिपल डी आणि युरोपचं ७५ एफ. ऑनलाइन मागवताना कंपनी कुठली पद्धत धरते ते बारीक अक्षरात शेवटी लिहिलेलं असतं, किंवा नसतं.

ऑनलाइनचं अजून एक दुःख म्हणजे फोटो. साइज जी ते एच असं लिहिलेल्या ब्राच्या फोटोतली मुलगी बी कपाची, आणि हात वर करून, मान वळवून हसतीये. तिला काय, ती चिंधी बांधूनही हसेल. मला बघायचंय की वाकल्यावर काय होतं. आणि मोठ्या साइजमध्येसुद्धा पॅड! जाड फोमचा पॅड! अहो मला मटेरियल कमी पडत नाहीये, मला जागा कमी पडतीये. शिवण असलेले तीन-चार तुकड्यांचे कप मोठ्या मापाला खरं तर फार चांगला उठाव देतात, साच्यातल्या गुळगुळीत कपापेक्षा कितीतरी, पण त्यांना 'आजीबाईंची ब्रा' म्हणून मागच्या कप्प्यात टाकलेलं असतं. रंगांचं तर बोलायलाच नको. ३२ बीला लेस, मोरपंखी, गुलाबी, छोटी छोटी चेरी. डीच्या पुढे गेलं की काळा, पांढरा आणि तो एक स्किन कलर, जो माझ्या तर नाहीच पण माझ्या ओळखीतल्या कुठल्याच स्किनचा नाही.

स्पोर्ट्स ब्रा हा वेगळा लढा. ती १९७७ मध्ये अमेरिकेत तीन बायकांनी बनवली, पुरुष खेळताना घालतात ते दोन जॉकस्ट्रॅप एकत्र शिवून, म्हणजे रुमालांच्या टेनिसनंतर पळता येईल अशी ब्रा यायला ६३ वर्षं लागली. ब्रिटनच्या पोर्ट्समथ युनिव्हर्सिटीत यावर रीतसर अभ्यास चालतो, त्यांनी मोजलंय की पळताना छाती नुसती वर-खाली होत नाही, आजूबाजूला आणि मागे-पुढेही होते, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. मला हे वाचून फार बरं वाटलं. नुसती दाबून बसवणारी स्पोर्ट्स ब्रा आम्हाला पुरत नाही, आत वेगळे कप असलेली लागते. आणि हूक मागे असलेली. डोक्यातून घालायची असेल तर एक तर घालताना अर्ध्यात अडकते नाहीतर घामाने भिजल्यावर काढताना, हात वर, तोंडावर इलॅस्टिक, दिसत काही नाही आणि कुणाला हाक मारावी तर कुणाला. व्यायाम तेवढ्यातच होतो.

तर शेवटी मिळाली. ३४ ई, शिवणीचे कप, तीन रांगांचे हूक, काळी. पट्टा आडवा सरळ, मधला तुकडा हाडाला टेकलेला, पेन ठेवून बघितलं, पडलं. विशेष म्हणजे शर्टाचं ते तिसरं बटण, जे वर्षानुवर्षं सेफ्टी पिनेने लागायचं, ते लागलं. लगेच अजून एक घेतली. हाताने धुवायची, पिळायची नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलं.

नवऱ्याने एक दिवस मदत म्हणून बादलीतलं सगळं मशिनमध्ये टाकलं. जाळीची पिशवी नाही, हूक लावलेले नाहीत. मशिनचा आधी किणकिण आवाज आला, मग खर्रर्र, मग पाणी जायचं बंद. मेकॅनिक आला, मशिन आडवं करून खालून हात घालून बराच वेळ काहीतरी खेचत बसला आणि एक अर्धगोल तार बाहेर काढून माझ्यासमोर धरली. "मॅडम, हे कशाचं आहे?" मी म्हटलं, बघू, ठेवा तिथे. नवरा बाल्कनीत गेला. मेकॅनिक तार वळवून बघत म्हणाला, "नाही, गेल्या आठवड्यात पलीकडच्या बिल्डिंगमध्ये पण एका मशिनमधून सेम हीच निघाली. एवढीच मोठी."

आता कप जेवढा मोठा तेवढी तार लांब, हे मला पाठ आहे. एवढीच मोठी म्हणजे ती बाई नक्की माझ्या मापाची, आणि तिला ती ब्रा कुठेतरी मिळालेली आहे. मी त्याला चहा विचारला आणि म्हटलं, कुठल्या मजल्यावर हो?