मधली जिंजी कुठे गेली?

'रायगडानंतर राजधानी साताऱ्याला हलली' हे मराठ्यांच्या राजधानीबद्दलचं लेखातलं वाक्य खटकलं. मधली जिंजी कुठे गेली? रायगड १६८९ मध्ये मोगलांनी घेतला, पण राजाराम महाराज आधीच निसटले होते. पुढची जवळजवळ आठ वर्षं राजगादी तमिळ मुलखातल्या जिंजीच्या किल्ल्यावर होती! शिवाजी महाराजांनी १६७७ मध्येच जिंजी घेऊन ठेवली होती, म्हणून हे जमलं.

मी जिंजीच्या राजगिरी डोंगरावर चढलोय. माथ्याजवळ कड्यात एक खोल घळ आहे, तिच्यावर छोटा पूल. तो काढला की वाट संपली. (घाम पुसत तिथेच बसलो होतो.) मोगल सरदार झुल्फिकारखानाला वर्षानुवर्षं वेढा का घालावा लागला, ते तिथे उभं राहिलं की कळतं. आणि लेखात जिंजीला एक ओळही नाही?