फोन तुमचा, मग आवाज आमच्या कानात का?

लोकांमध्ये बसून फोनचा स्पीकर मोठ्याने लावणाऱ्यांचा मला प्रचंड राग येतो. आज स्पष्टच लिहिते. गोड बोलून झालं, वळून बघून झालं, जागा बदलून झाली. आता सहन होत नाही.

बस, ट्रेन, लिफ्ट, बँकेची रांग, दवाखाना, बागेतला बाक, कुठेही जा. कुणाच्या हातात मालिका चालू असते. कुणी गेम खेळत असतो आणि प्रत्येक पॉइंटला टिंग टिंग वाजत असतं. कुणी व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज दुप्पट वेगाने ऐकत असतो, म्हणजे न कळणारी किरकिर सगळ्यांच्या डोक्यात. एकाने लावला की दुसऱ्याला स्वतःचं ऐकू येत नाही, मग तो आवाज वाढवतो. त्याचं बघून तिसरा.

यात सगळ्यात वाईट रील. गाणं निदान सुरू होतं आणि संपतं. रील संपत नाही. बघणारा कमेंट वाचत बसला की मागे तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो. तीच ओळ, तेच खिंकाळल्यासारखं हसणं, तोच धाडकन आवाज, की परत पहिल्यापासून. त्या माणसाचं लक्ष अक्षरांवर असतं, त्यामुळे त्याला स्वतःला तो आवाज जाणवतसुद्धा नाही. ऐकतो कोण? आम्ही. आम्हाला ना तो व्हिडिओ दिसतो, ना तो थांबवता येतो.

मध्यंतरी आईला घेऊन दवाखान्यात बसले होते. तिला चक्कर येत होती, डोकं ठणकत होतं, डोळे मिटून माझ्या खांद्याला टेकून बसली होती. समोर ‘शांतता राखा’ अशी पाटी, आणि बरोबर त्या पाटीखाली एक गृहस्थ पाय पसरून, फोन पोटावर टेकवून रील बघत होते. कुणीतरी पडतंय आणि मागे हशा, कुणीतरी पडतंय आणि मागे हशा. प्रत्येक हशाला आईची बोटं माझ्या मनगटावर घट्ट होत होती. मी म्हटलं, “दादा, आवाज जरा कमी करता का? आईला बरं नाहीये.” त्यांनी मान वर न करता सांगितलं, “एवढा काही मोठा नाहीये.” मी पुन्हा विनंती केली. तेव्हा उत्तर आलं, “तुम्हाला एवढाच त्रास होत असेल तर बाहेर जाऊन बसा ना.”

आजारी बाईने बाहेर जाऊन बसायचं, कारण या माणसाला दवाखान्यात बसून कुणीतरी पडताना बघायचंय! आणि खोलीत तेवढी माणसं बसलेली असताना कुणी चकार शब्द काढला नाही. काउंटरवरच्या मुलीने खाली बघून कागद चाळायला सुरुवात केली. उलट दोन-तीन जण माझ्याकडेच ‘कशाला वाद घालताय’ अशा नजरेने बघत होते.

माझा खरा संताप इथे आहे. आवाज करणारी माणसं आधीही होती. पण कुणी हटकलं तर ती ओशाळायची, निदान “सॉरी हं” म्हणायची. आता ओशाळायचं कुणी, तर हटकणाऱ्याने. आवाज करणारा निवांत आणि ‘जरा हळू’ म्हणणारी भांडखोर. चोर तो चोर, वर शिरजोर म्हणतात ते हेच. दहा-पंधरा वर्षांत ही लाज अशी अलगद एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकली, आणि आपण सगळ्यांनी ती सरकू दिली.

खिशात घालून, हेडफोन कानाला लावून चालता चालता कॅसेट ऐकता येईल असं यंत्र पहिल्यांदा लोकांच्या हातात आलं तेव्हा बनवणाऱ्यांना कसली काळजी होती, हे ऐका. सोनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या अकिओ मोरिता यांना वाटत होतं की घरात किंवा चारचौघांत एकट्यानेच कानाला लावून ऐकणं हा उद्धटपणा दिसेल. म्हणून त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनच्या दोन पिना लागायची सोय होती. शिवाय एक केशरी बटण होतं. ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली जायचा आणि आतल्या मायक्रोफोनमधून शेजाऱ्याशी बोलता यायचं. म्हणजे ऐकणाऱ्याने बाजूच्या माणसाकडे पाठ फिरवू नये याची तरतूद यंत्रातच केली होती. पुढे लोकांना तो एकट्यानेच ऐकायचा असतो हे लक्षात आलं आणि नंतरच्या मॉडेलमधून ते बटण गेलं. तेव्हा हेडफोन लावून फिरणाऱ्यांना लोक माणूसघाणे म्हणायचे, यांना जगाशी देणंघेणं नाही म्हणायचे. मला आज त्या माणूसघाण्यांना हात जोडावेसे वाटतात. त्यांचं गाणं त्यांच्या कानात होतं. माझ्या प्रवासात ते घुसत नव्हतं.

‘पूर्वी ट्रान्झिस्टर नव्हते का लावत मोठ्याने?’ हा युक्तिवाद मी हजारदा ऐकलाय. लावत होते. त्याचाही त्रास व्हायचा. पण ट्रान्झिस्टरवर एक स्टेशन लागायचं, बातम्या असोत की गाणी, शेजारच्याला त्यात निदान काहीतरी सलग ऐकायला मिळायचं. इथे दर काही सेकंदांनी बोट वर सरकतं आणि किंकाळी, ढोल, प्रवचन, बंदुकीच्या गोळ्या, कुणाचं तरी रडणं असं एकामागून एक अंगावर येतं. यात कुणी सहभागी व्हायचं तरी कशात?

बनवणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. २०१७ साली फेसबुकने न्यूज फीडमधले व्हिडिओ आवाजासकट आपोआप सुरू करायचा बदल आणला. त्याआधी ते मुके सुरू व्हायचे, आवाज हवा असेल तर व्हिडिओवर बोट लावावं लागायचं. नवीन व्यवस्थेत फोन सायलेंट नसेल तर फीड सरकवता सरकवता आवाज सुरू. मग छोट्या व्हिडिओंची लाट आली, आणि तिचा जीवच आवाजात. २०१६ साली ॲपलने आयफोन ७ मधून इअरफोनचं भोक काढून टाकलं, पाठोपाठ बाकीच्या बऱ्याच कंपन्यांनी तेच केलं. २०२० मध्ये ॲपलने खोक्यात मिळणारे इअरफोनही बंद केले. एकीकडे आवाज आपोआप सुरू होईल असं करायचं आणि दुसरीकडे तो स्वतःपुरता ठेवायचं साधन काढून घ्यायचं! वायरलेस घ्या, चार्ज करा, हरवलं की नवीन घ्या.

आणि मुख्य म्हणजे फोनला हे सगळं समजतं. गाणं चालू असताना इअरफोनची पिन निसटली तर बहुतेक फोन गाणं आपोआप थांबवतात, एवढा विचार कुणीतरी केलाय. चारचौघांत एकदम आवाज फुटला तर वापरणाऱ्याची पंचाईत होईल, म्हणून. वापरणाऱ्याच्या लाजेची काळजी घेतली, मग शेजारच्याच्या कानाची का नाही घेतली? इअरफोन जोडलेला नसेल तर व्हिडिओ मुका सुरू व्हावा, आवाज हवा असेल त्याने मुद्दाम चालू करावा, एवढंच तर मागणं आहे. हे अवघड नाही. आधी असंच होतं.

पण कंपन्यांवर सगळं ढकलून तुम्ही सुटत नाही. आवाज कमी करायचं बटण फोनच्या कडेला आहे, अंगठ्याखाली आहे. इअरफोन विसरलात? सबटायटल वाचा. घरी जाऊन बघा. अर्धा तास न बघता बसलात तर काही बिघडणार नाही.

आता स्पीकरवर बोलणारे. फोन कानाला लावायचा सोडून थाळीसारखा आडवा तोंडासमोर धरायचा आणि त्यात ओरडायचं. का? कान आहेत ना? फोनमध्ये कानाला लावायचा वेगळा, छोटा स्पीकर आहे ना? जुन्या लँडलाइनच्या रिसीव्हरमध्ये आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात परत येईल अशी रचना असायची, त्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतोय याचा अंदाज राहायचा. हातभर लांब धरलेल्या फोनवर तो अंदाज येत नाही. त्यात भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली लिहून ठेवलंय. शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत असलेली गोष्ट आहे, आणि तरी भरल्या डब्यात स्पीकर लावून “हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?” चालूच. येतोय. आख्ख्या डब्याला येतोय.

एक बाजूचं बोलणं कानावर पडलं तरी डोकं किती पिकतं, यावरही काम झालंय. कॉर्नेल विद्यापीठातल्या लॉरेन एम्बरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की फोनवरचं एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत असताना लोकांचं लक्ष हातातल्या कामावरून जास्त उडतं. दोन्ही बाजूंचं संभाषण ऐकताना तसं होत नाही. पुढचा शब्द काय येणार याचा अंदाज लागत नाही, म्हणून मेंदू तिकडेच ओढला जातो. म्हणजे ‘तुम्ही लक्ष देऊ नका ना’ हे जे उर्मटपणे सांगितलं जातं, ते आमच्या हातात नसतं. आम्ही कान टवकारून बसलेलो नसतो. तुम्ही आमचं डोकं ताब्यात घेतलेलं असतं.

यावर काही शहाणे म्हणतील, मग स्पीकर बरा, दोन्ही बाजू ऐकू येतात. नाही, बरा नाही! पलीकडच्या माणसाचा विचार केलाय कधी? त्याला माहीतसुद्धा नसतं की आपण भर गर्दीत बोलतोय. एकदा ट्रेनमध्ये समोरच्या बाईने बहिणीचा फोन स्पीकरवर घेतला. पलीकडची मुलगी सासरचं काहीतरी सांगत होती, बोलता बोलता तिचा आवाज भरून आला. नवऱ्याने काय केलं, सासू काय म्हणाली, आता आईला कसं सांगायचं. आणि मग म्हणाली, “ताई, हे कुणाला बोलू नकोस हं.” ताईने सांगितलं, “नाही गं, मी कशाला कुणाला बोलू.” आम्ही दहा-बारा अनोळखी माणसं खिडकीबाहेर बघायचं नाटक करत बसलो होतो. त्या मुलीने विश्वासाने सांगितलेलं दुःख तिच्या सख्ख्या बहिणीने सगळ्यांसमोर उघडं टाकलं, आणि का, तर फोन कानापर्यंत उचलायचा कंटाळा! मला त्या दिवशी आवाजाचा त्रास झालाच नाही. मला त्या मुलीसाठी इतकं वाईट वाटलं की बहिणीच्या हातातून फोन काढून घ्यावासा वाटला.

ज्यांना ऐकायला खरंच कमी येतं, हात चालत नाहीत, त्यांच्याबद्दल मी एक शब्द बोलत नाहीये. तशा माणसांची अडचण बघितली की कळते, आणि माझा अनुभव असा आहे की तीच बिचारी सगळ्यात आधी विचारतात, “स्पीकर लावला तर चालेल ना?” मी ज्यांच्यावर चिडलेय ते धडधाकट आहेत, आणि त्यांना विचारावंसं वाटतच नाही.

लहान मुलांच्या हातात कार्टून मोठ्याने लावून देणारे आईबाप हा आणखी एक प्रकार. मूल कंटाळतं, रडतं, हे मला कळतं. रडणाऱ्या मुलाला मी कधीच नाव ठेवणार नाही. पण आवाज कमी केला म्हणून मूल कार्टून बघायचं थांबत नाही. आणि ते मूल शिकतंय काय? तर बाहेर आपला आवाज हा असाच असतो, बाकीची माणसं म्हणजे फर्निचर. दहा वर्षांनी तेच मूल कुठल्या तरी पाटीखाली पाय पसरून बसेल.

व्हिडिओ कॉलवाल्यांचं तर विचारूच नका. आवाज आहेच, वर कॅमेरा फिरवून “बघ, किती गर्दी आहे” म्हणत आम्हा सगळ्यांची तोंडं परक्या माणसाला दाखवायची. कुणी परवानगी दिली?

‘सार्वजनिक जागा आहे, तुमच्या बापाची नाही,’ असं मला एकाने सुनावलंय. बरोबर आहे, माझ्या बापाची नाही. पण तुमच्याही नाही! सगळ्यांची आहे, म्हणूनच तिथला आवाज एकट्याने ठरवायचा नसतो. तुम्ही तिकीट एका सीटचं काढलंय, त्यात सगळ्या डब्याचे कान येत नाहीत.

आणि शेवटी त्या लोकांना सांगायचंय जे गप्प बसतात. त्या दवाखान्यात डॉक्टरांकडून बाहेर आल्यावर एक काकू माझ्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “बरं झालं बोललीस, मलाही फार त्रास होत होता.” काकू, मग तेव्हा का नाही बोललात? तुमच्या एका “हो ना, खरंच कमी करा” ने तो माणूस फोन खिशात घालणार होता. त्याच्यासमोर मी एकटी पडले म्हणून तर त्याची ‘बाहेर जाऊन बसा’ म्हणायची हिंमत झाली. मागाहून येऊन कानात सांगितलेल्या शाबासकीचा मला काडीचा उपयोग नाही. मला तुमचा आवाज तिथे, त्याच्यासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असा हवा होता. पुढच्या वेळी मी बोलायची वाट बघू नका. तुम्ही सुरुवात करा, लगेच मागून मी बोलते.