जाम वैताग

आमच्या इंदुरात पेरूला जाम म्हणतात. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुण्याच्या नणंदेसारखं तुम्हीही विचाराल, "नऊ दिवस जाम काढतेयस म्हणजे काय, ट्रॅफिकचं चित्र का?"

तर जाम. एकच. रंगीत पेन्सिलीनं. सत्तेचाळिसाव्या वर्षी हे कुठून सुचलं ते विचारू नका, गुडघ्यापायी झुंबा बंद झाला आणि त्याच आठवड्यात मोबाईलवर एका बाईचा व्हिडिओ आला, ती बाई अकरा मिनिटांत असं सफरचंद काढते की चावावंसं वाटतं. व्हिडिओ वेग वाढवून पळवलेला होता हे मला पेन्सिलींचा डबा घरी आल्यावर कळलं. डबा 48 चा. किंमत 4300. नवऱ्याला सांगितली 900. हे लक्षात ठेवा.

ती बाई सारखी एकच म्हणते, हात हलका ठेवा. पेन्सिल मागच्या टोकाला धरा, बारीक बारीक गोल फिरवा, कागदाला कळताही कामा नये. आता आपण पडलो शाळेत नकाशे भरलेले लोक. अरबी समुद्र निळा करताना आपण इतका जोर लावलाय की मागच्या पानावर मुंबई उमटायची. आपल्याला कसला हलका हात. पण कारण आहे त्याला. चित्राच्या कागदाला बारीक खरबरीतपणा असतो, त्याला दात म्हणतात, खरंच दातच म्हणतात. पेन्सिलीतला रंग मेणात कालवलेला असतो आणि तो त्या दातांत अडकतो. हलका थर दिला की तो वरच्यावर बसतो, खाली जागा उरते, मग दुसरा रंग, मग तिसरा, असं करत करत सगळे एकमेकांत मिसळतात. पहिल्यांदाच दाबलंत की दात सपाट, वर मेणाची चकचकीत साय, आणि पुढचा रंग तिच्यावरून नुसता घसरतो. दात गेले की गेले, कागदाला कवळी बसत नाही.

आणि जाम हिरवा नसतो. नऊ दिवस त्याच्याकडे टक लावून बघितल्यावर हे मी कोर्टातसुद्धा सांगेन. आधी क्रीम, त्यावर लिंबू-पिवळा, मग पोपटी, मग नावाला पिवळी माती, आणि सावलीच्या बाजूला चक्क जांभळट लाल, कारण पिवळट हिरव्याच्या बरोब्बर विरुद्ध रंग तो. त्यानं हिरवा मंद होतो, काळ्यानं मरतो. हे मला चौथ्या दिवशी कळलं आणि इतका आनंद झाला की ऑफिसमध्ये दोघींना थांबवून सांगितलं. त्या "अच्छा" म्हणाल्या.

मध्ये एक अपघात झाला. पाचव्या दिवशी नवऱ्यानं मॉडेल खाल्लं. चार फोडी करून वर जिरावन, म्हणजे आमचा इंदुरी मसाला, भुरभुरवून, उभ्या उभ्या ओट्यापाशी. वर मलाच म्हणतो, "पिकला होता गं, वाया गेला असता." दुसरा आणला तर तो एका अंगानं फुगलेला. म्हणजे माझ्या चित्रातला जाम डावीकडून एक आणि उजवीकडून दुसरा आहे. असो, हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

खरं प्रकरण रविवारचं. आज गुरुवार आहे आणि राग अजून उतरलेला नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. सरकारी खात्यातून रिटायर झालेले, रोज अकराच्या सुमाराला आमचा पेपर वाचायला खाली येतात, कारण त्यांनी त्यांचा बंद केलाय, कारण आमचा येतो. रविवारी मी डायनिंग टेबलावर सातवा थर देत होते आणि मानेमागे श्वास ऐकू आला.

"काय करून राहिली सूनबाई?"

"जाम काढतेय काका."

"कुठाय?"

कागद माझ्यासमोर होता. कागदावर फक्त जामच होता. मी बोट दाखवलं. काकांनी चष्मा वर केला, खाली केला, वाकून बघितलं आणि म्हणाले, "हां हां. मला वाटलं, अजून काढायचाय."

मी म्हटलं काका, थर देतेय, हा सातवा. "सात?" काका खुर्ची ओढून बसलेच. "अगं आमच्या घराच्या पुताईला दोन कोट मारले, अकरा वर्षं झाली, अजून टकाटक आहे." बोलता बोलता त्यांचा हात ताटलीकडे गेला. ताटलीत मी पेन्सिलींची सालं जमवते, पिवळी, केशरी, बारीक कुरळी. काकांनी चिमूट उचलली, आता तोंडात जाणार एवढ्यात सासूबाई ओरडल्या, "अहो भाऊजी, ती शेव नाही!" इंदुरात ताटलीत पिवळं काही दिसलं तर ते शेव सोडून दुसरं काही असू शकतं ही शक्यता काकांच्या डोक्यातच आली नव्हती, आणि यात मी त्यांना दोषही देत नाही. (त्या सालांचं वेगळंच दुःख आहे. 2017 पासून आपण देशात स्वच्छतेत पहिले, कचरा सहा प्रकारांत वेगळा करून द्यावा लागतो, आणि पेन्सिलीचं साल म्हणजे लाकूड अधिक मेण अधिक रंग, ते ओल्यात की सुक्यात यावर गाडीवाल्या भियानं आणि मी गाणं चालू असताना पाच मिनिटं चर्चा केली आहे. शेवटी तो म्हणाला, "मैडम, आप ये बनाना ही बंद कर दो.")

चिमूट परत ताटलीत टाकून काकांनी डबा पुढे ओढला. "केवढ्याचा?"

समोर नवरा बसलेला. मी म्हटलं, नऊशे.

काकांनी डोळे मिटले. हा माणूस कॅल्क्युलेटर न वापरता हिशेब करतो आणि तो करताना त्याचे ओठ हलतात. "अठरा रुपये पंच्याहत्तर पैसे. एक पेन्सिल! शाळेसमोर पाचला मिळते." खरा भाव नव्वदच्या आसपास पडतो हे मला माहीत, तोंडातून शब्द काढायची सोय नाही. "आणि जामाला हिरवी एक पुरे. बाकीच्या सत्तेचाळीस काय लोणचं घालायला?"

आता खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण मला राग आला की माहिती सुटते. मी सांगून बसले की काका, हे पोरांचं काम नाही, चित्रकारांसाठी म्हणून अशा पेन्सिली जर्मनीत 1908 साली निघाल्या, 60 रंगांत. झालं. 1908 म्हटल्यावर काका तुकोजीराव होळकरांवर गेले, होळकरांवरून त्यांच्या आजोबांवर, आजोबांवरून जुन्या वाड्याच्या भाडेकरूवर (केस अजून चालू आहे), आणि तिथून फिरून परत माझ्या जामावर. "आपल्या मातीतच कला आहे सूनबाई. चित्रकार बेंद्रे इथले. हुसेन पंढरपूरचे खरे, पण वाढले कुठे? इंदुरात. चित्रकला शिकले कुठे? देवळालीकर मास्तरांच्या शाळेत, इंदुरात. पाण्याचा गुण आहे पाण्याचा."

आता बेंद्रे जन्मले 1910 साली आणि इंदुरात नर्मदेचं पाणी आलं सत्तरच्या दशकाच्या शेवटाला, म्हणजे काका ज्या पाण्याचा गुण सांगतात ते पाणी मी प्यायलेलीच नाही, काढा मग मुद्दा निकालात. पण हे सुचलं रात्री साडेबाराला, अंथरुणात. तेव्हा मी फक्त "हो का" म्हटलं.

बोलताना काकांच्या हातात गर्द हिरवी पेन्सिल होती आणि प्रत्येक वाक्याला ते ती टेबलावर आपटत होते. बेंद्रे, टक. हुसेन, टक टक. या पेन्सिलीतली कांडी मऊ असते, आपटली की लाकडाच्या आतल्या आत मोडते, बाहेरून काही दिसत नाही, मग टोक करायला घेतलं की तुकडा पडतो, परत टोक, परत तुकडा, अर्धी पेन्सिल शार्पनर खातो. म्हणजे मला तो आवाज टक टक असा नाही, नव्वद, नव्वद असा ऐकू येत होता.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "भाऊजींना चहा ठेव गं."

मी उठले. हीच चूक. आलं किसत होते आणि बाहेरून आवाज आला, कर्र, कर्र, कर्र. शाळेत अरबी समुद्र भरताना यायचा तो. मी गॅस तसाच ठेवून बाहेर धावले.

काका उभे राहून भरत होते. खांद्यातून जोर लावून, जीभ दातांत धरून. डावा अर्धा जाम गर्द हिरवा, असा चकचकीत की त्यात पंखा दिसावा. माझी पोपटी, माझी मातकट, माझी ती जांभळट लाल, सगळं त्या मेणाखाली गाडलं गेलेलं. भोवती काळी आउटलाइन. वर देठ आणि एक पान, कारण "पान नसलं तर बटाटा वाटतो." आणि खाली कोपऱ्यात छोटी सही आणि तारीख. हयात सरकारी खात्यात गेलेली, समोर कागद आला की हात आपोआप सही करतो.

"आत्ता उठून दिसतोय," काका म्हणाले, "तू घाबरून घाबरून करत होतीस."

आणि माझ्या घरात कोण काय म्हणालं ऐका. सासूबाई म्हणाल्या, "हो, आता जाम वाटतो." नवरा काही बोलला नाही, त्यानं फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली एकवीस अंगठे. "पान अगदी जिवंत!" "हिरवा काय सुंदर आलाय." पुण्याची नणंद, "छानच! उजवीकडचं पूर्ण झालं की परत टाक."

उजवीकडचं पूर्ण होतं. नऊ दिवस त्या उजवीकडच्याचेच होते.

मी रात्री बसून जमेल ते केलं. खोडरबर लावला तर मेण नुसतं फासलं. मग त्या बाईची युक्ती, चिकटपट्टी हलकेच ठेवायची, वरून दाबायची, उचलायची, थोडा रंग पट्टीबरोबर येतो. थोडा आला खरा. तिसऱ्या वेळेला कागदाची सालसुद्धा आली. आता पानाशेजारी जामाला भोक आहे, त्यात बी दाखवावी का असा विचार चाललाय.

पण मला सांगा, मी कणीक मळत असताना काका रोज पेपर वाचत तिथेच बसलेले असतात, एकदाही वाटलं नाही त्यांना की सरक सूनबाई, चार पोळ्या लाटून दाखवतो. नवरा लॅपटॉप उघडा टाकून फोन घ्यायला गॅलरीत जातो, तिथे काका मध्ये दोन ओळी टाइप करून देत नाहीत, खाली सही तर नाहीच नाही. बाई टेबलाशी बसून काहीतरी रंगवतेय म्हणजे ते रिकामंच आहे, कोणीही यावं आणि भर घालावी. मी हे नवऱ्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "अगं म्हातारा माणूस आहे, दुसरा काढ ना. मी जाम आणून देतो." आणून दे, आणि जिरावन लपवून ठेव.

काल आणखी मजा. काकांच्या हिरव्यावर पांढरट बुरा आला. मेण जास्त झालं की काही दिवसांनी ते असं वर येतं, मऊ फडक्यानं पुसलं की जातं, त्यात काही विशेष नाही. पण सासूबाईंनी लांबूनच बघितलं आणि म्हणाल्या, "सडला बाई तुझा जाम." तेव्हा मात्र तो माझा होता.

आणि आज सकाळी अकराला काका आले, पेपरला हातसुद्धा लावला नाही. खिशातून पैसे काढले, पाचशेची एक आणि शंभराच्या चार, टेबलावर मांडून ठेवल्या. म्हणाले, "नातीला सुट्टीत शिकवीन म्हणतो. माझा हात अजून चांगला आहे हे कळलंच की तुम्हाला. हीच पेटी मागव, 48 चीच, दुसरी नको."

मी नोटांकडे बघितलं. नवऱ्याकडे बघितलं. तो मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "मागव ना गं, रविवारपर्यंत येईल."

काका दारापर्यंत गेले, चप्पल घालता घालता थांबले आणि वळून म्हणाले, "दोन घेतल्या तर काही कमी करतील का ते?"