स्लॅबवरची विंडोज

आमच्या गावात वेळ मोजायची दोन मापं आहेत. मोठ्या कामाला लाईन, म्हणजे ‘लाईन आली की पाहू’, आणि बारक्या कामाला खर्रा, म्हणजे पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू. माझ्या ऑनलाईन सेंटरातला कॉम्प्युटर बटण दाबल्यापासून कामाला लागेपर्यंत बरोबर एक खर्रा घ्यायचा. शेजारचे काका रोज सकाळी हजर. मी बटण दाबायचो, ते पन्नी घोटायला बसायचे. तेवढ्यात तुरीचा भाव, कोणाच्या पोरीची सोयरीक, कोणाचा बैल लंगडला, सगळं निघायचं. मग पडद्यावर चित्रं उमटायची आणि काका तोंड भरल्यामुळे गप्प व्हायचे.

दोष हार्ड डिस्कचा होता. तिच्या पोटात चकत्या मिनिटाला 7200 फेरे घेतात आणि एक सुई त्यावर इकडून तिकडे धावते, जुन्या दप्तरात एकच सातबारा हुडकणाऱ्या माणसासारखी. गेल्या उन्हाळ्यात ती कट्‌कट् वाजायला लागली. त्यात पुण्यात इंजिनिअरिंग करणाऱ्या भाच्याने फोनवर भीती घातली, “मामा, 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे अपडेट बंद. आताच त्या डिस्कच्या जागी एसएसडी घ्या, अन् तिच्यावर 11 टाका. मी सांगतो ना फोनवर.”

फोनवर सांगतो म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये, हे मला दारव्ह्याहून एसएसडी आणेपर्यंत सुचलं नाही.

बाबांनी ती डबी हातात घेतली, कानाजवळ नेऊन हलवली. “अबे, अंदर काहीच नाही वाजून रायलं. फसोलं तुले.”

म्हटलं, हिच्यात फिरणारं काही नसतंच, सगळं चिपमध्ये. बाबांचं समाधान झालं नाही. पुढे डबीवर 256 जीबी छापलेलं आणि पडद्यावर 238 दिसलं, तेव्हा तर त्यांचा चेहराच खुलला. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने, म्हणून फरक दिसतो, हे मी समजावून पाहिलं. ते म्हणाले, “मंग कापसाचा व्यापारी काय वेगळं सांगते?”

आठ जीबीच्या पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायला सुरुवात केली, तर निरोप आला की या कॉम्प्युटरवर विंडोज 11 चालणार नाही. भाचा म्हणाला, प्रोसेसर आठव्या जनरेशनचा आहे, चालतंय. फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये जाऊन टीपीएम ही सुरक्षेची सोय चालू करा. “मशीन चालू करताच डिलीट दाबत राहा, मामा.” फोन स्पीकरवर होता. बाबा खुर्चीवरून उठलेच. “डिलीट नको दाबू बे! साऱ्या गावाचे कागद हायेत तिच्यात!” जुनी डिस्क काढून टेबलावर ठेवलेली आहे, हे त्यांना दाखवलं. तरी माझं बोट त्या बटणावर असेपर्यंत त्यांनी एक हात डिस्कवर ठेवला होता.

विंडोज पंधरा-वीस मिनिटांत बसली. मग म्हणाली, इंटरनेट जोडा. त्याशिवाय ‘पुढे’चं बटणच उजळेना.

आता आमचं इंटरनेट म्हणजे स्लॅबवर ठेवलेला मोबाईल. खाली घरात टॉवर मिळत नाही. वरून हॉटस्पॉट खाली येतो आणि वायफायचं डोंगल तो धरतं. नव्या विंडोजला ते डोंगल ओळखूच येईना. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ओळख पटवणारा प्रोग्राम हवा, ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर. भाच्याने तोड काढली, मोबाईल केबलने जोडा. केबल हातभर. म्हणजे मोबाईल खाली आणावा तर टॉवर नाही, म्हणून कॉम्प्युटरच वर न्यावा. (फोनवर ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हने देता आला असता. हे भाच्याला तिसऱ्या दिवशी सुचलं.)

सकाळी सहाला सीपीयू मी, मॉनिटर बाबा आणि वायरचं भेंडोळं काका, अशी वरात जिना चढली. वर बायकोने जुन्या लुगड्यावर कुरड्या घातलेल्या. गव्हाचा चीक अजून ओलाच.

“माह्या कुरड्याइले हात लावसान त पाहा!”

लुगड्याच्या कडेला हातभर जागा मिळाली. तिथे पाटावर मॉनिटर मांडला. इंटरनेट जुळलं, ‘पुढे’ उजळलं, आणि विंडोज अपडेट ओढायला लागली. काही मिनिटं लागतील, कॉम्प्युटर बंद करू नका. काही म्हणजे किती, ते सांगत नाही.

आठला ऊन लागलं. नऊला पडदा दिसेनासा झाला. मी गोधडी डोक्यावरून घेऊन आत शिरलो, जुन्या फोटोग्राफरसारखा. आत भट्टी. टक्के 61 वर उभे. बाहेर बाबा छत्री घेऊन सीपीयूवर सावली धरून, काका कावळे हाकलायला. रस्त्यावरून जाणाऱ्या बाया थांबून विचारत, “काय झालं जी भाऊले?” बायको खालून उत्तर देई, “काही नाही, विंडोज टाकून रायले.” बहुतेकींचा समज झाला की मी स्लॅबवर खिडकी बसवतोय.

दहा वाजता झालं. उचलताना एक कुरडई सीपीयूला चिकटून खाली आली. तेवढ्यावरून जे ऐकलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले. मी बटण दाबलं. त्यांनी पन्नीत सुपारी टाकली, तंबाखू घेतला, चुन्याची डबी उघडली, आणि वर पाहिलं तर पडद्यावर सगळी चित्रं हजर. पंधरा सेकंदही लागले नसतील. काकांनी पन्नीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. चुना तसाच बोटावर.

“झालं?”

“झालं, काका. बोला, काय काढायचं?”

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग पन्नी घोटायला घेत म्हणाले, “बंद कर बरं, अन् पुन्हा चालू कर. तुरीचं सांगाचं रायलं.”