स्थापनेचं साल तेवढं सोडा

क्लबची स्मरणिका काढायचं ठरलं आणि कार्यकारिणीतल्या सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "इतिहास तुम्हीच लिहा. तुमची बॅटिंग तशीही दहाव्या नंबरला येते, तोवर बसूनच असता," अध्यक्ष म्हणाले. इतिहासकाराची निवड इतक्या रोखठोक निकषावर क्वचितच होत असेल.

सुरुवात स्थापनेपासून करावी म्हटलं, तर संस्थापकच तीन निघाले. एकाच्या मते बॅट त्यांची होती, म्हणून क्लब त्यांचा. दुसरे म्हणाले, "बॅट त्याची असेल, पण बॉल माझा. बॉलशिवाय काय, बॅटनं हवा घालणार होता?" तिसरे म्हणाले, हे दोघं भांडत होते तेव्हा स्टंप मी रोवले. प्रत्येकाचं साल वेगळं. पहिल्या सामन्याबद्दल मात्र तिघांचं एकमत: आपण हरलो आणि तेही अंपायरमुळे.

माणसांचा नाद सोडून कागदांकडे वळलो. जुनी स्कोअरबुकं फार बोलकी असतात. एका पानावर आमच्या सलामीवीराच्या नावापुढे ४८ धावा आहेत. त्यातला ८ शिसपेन्सिलीचा, ४ निळ्या शाईचा. फलंदाजांच्या धावांची बेरीज आणि फळ्यावरची धावसंख्या जुळली नाही, की स्कोअरर उरलेला फरक गुपचूप 'बाय'मध्ये, म्हणजे बॅटला न लागता यष्टिरक्षकाकडूनही सुटलेल्या चेंडूवरच्या धावांत, ढकलत. अशा एका सामन्यात इतके बाय साचले आहेत की त्या दिवसाचे यष्टिरक्षक अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

इतिवृत्ताच्या वहीत तर दर सभेला तेच. 'गणसंख्येअभावी सभा तहकूब. अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा भरली. किटबॅग कोणाच्या घरी ठेवावी यावर चर्चा झाली. निर्णय पुढील सभेत.' वाचून लाज वाटत होती, पण हॅम्बल्डन आठवलं आणि धीर आला. अठराव्या शतकात इंग्लंडात या क्लबचा केवढा दबदबा! त्यांच्या वहीत २९ ऑगस्ट १७९६ च्या सभेला 'राइट्स ऑफ मॅन'चे लेखक टॉमस पेन पाहुणे म्हणून हजर असल्याची नोंद आहे. पेन तेव्हा फ्रान्समध्ये होते आणि इंग्लंडात पाऊल ठेवलं असतं तर थेट गजाआड गेले असते. म्हणजे वही लिहिणाऱ्यानं सरळ थट्टा केलेली. पुढच्याच महिन्यातली शेवटची नोंद काय, तर सभ्य गृहस्थ कोणीच आले नाहीत. आमच्या सभांना निदान चिटणीस तरी येतात; किल्ली त्यांच्याकडे असते.

मधल्या काही वर्षांच्या वह्याच नाहीत. इथेही थोरामोठ्यांचा दाखला आहे. १८२५ साली लंडनच्या लॉर्ड्स मैदानाचा पॅव्हेलियन जळाला आणि एमसीसीचं, म्हणजे क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या क्लबचं, जुनं दप्तर त्यात गेलं. आमच्याकडे आग वगैरे लागली नाही. खजिनदारांनी घर बदललं.

मला खरी गोडी लागली ती नियमावलीची. प्रत्येक नियमाखाली कोणाचा तरी प्रताप पुरलेला असतो. १७७१ मध्ये व्हाइट नावाचा एक फलंदाज हॅम्बल्डनविरुद्ध अख्ख्या यष्ट्या झाकतील एवढी रुंद बॅट घेऊन उतरला. त्यावर बोंब झाली आणि बॅटची रुंदी सव्वाचार इंचांवर बांधली गेली, ती आजतागायत. आमचा सातवा नियम म्हणतो: 'बाद झालेल्या फलंदाजाने त्याच डावात अंपायर म्हणून उभे राहू नये.' हा कोणासाठी केला ते नियमावलीत नाही, पण मसुदा वाचताना उपाध्यक्ष एकदम बुटाची नाडी बांधायला वाकले. चपला घालून आले होते!

मसुदा सभेपुढे ठेवला, तर 'पराभव' हा शब्द जिथे जिथे होता तिथे 'चुरशीची लढत' घालावी अशी सूचना आली. मी म्हटलं, मग पूर्ण पुस्तकात आपण फक्त लढतोच आहोत. स्थापनेच्या सालावर मतदान झालं. तिन्ही संस्थापकांनी आपापल्या सालाला एकेक मत दिलं, बाकीचे तटस्थ. शेवटी 'फार पूर्वी' यावर तडजोड झाली.

राहता राहिला मुखपृष्ठावरचा फोटो. ढालीसह काढलेला आमचा तेवढा एकच आहे. खाली नावं द्यायची म्हणून डावीकडून ओळखत गेलो, तर मधोमध ढाल मांडीवर घेऊन बसलेले गृहस्थ कोण, ते कोणालाच सांगता येईना. जुन्या कप्तानांनी चष्मा पुसला, फोटो उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "हा त्यांचा कप्तान. ढाल त्यांनीच जिंकली होती. आम्ही नुसते बाजूला उभे राहिलो."

बराच वेळ कोणी बोलेना. मग चिटणिसांनी वही उघडून ठराव लिहिला: फोटो छापावा. नावे देऊ नयेत.